बोर्डावरची बाई आणि बदलती नजर

चैत्र उजाडला, की देवळा तालुक्याच्या गावोगावी यात्रांचा हंगाम सुरू होतो. उन्हाळी कांदा काढून चाळीत भरण्याची घाई असते. पण त्या घाईतूनही गाव एक दिवस काढते. सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले खानदेशी भाविक मालेगावकडून येतात आणि देवळ्यावरून कळवणच्या रस्त्याला लागतात. ग्रामदैवतापुढे बारागाड्या ओढल्या जातात, दुपारी कुस्त्यांची दंगल होते आणि रात्री गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लोकनाट्य तमाशाची कनात उभी राहते. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांचा मिळून जो ‘कसमादे’ पट्टा होतो, त्यात यात्रा आणि तमाशा हे शब्द अजून एकमेकांपासून पुरते तुटलेले नाहीत.

या कनातीत शिरणाऱ्याला एक गंमत दिसते. गण संपून गौळण सुरू झाली, की मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींच्या घोळक्यात एक ‘मावशी’ असते आणि ही मावशी म्हणजे लुगड्याचा पदर खोचलेला, घोगऱ्या आवाजाचा एक पुरुष असतो. तो मुरडतो, डोळे मोडतो, कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गौळणी विशीच्या आतबाहेरच्या असतात. त्यांनी हसवावे, अशी कोणाची अपेक्षा नसते. त्यांनी दिसावे, एवढीच असते. एकाच बोर्डावर, एकाच दिव्याखाली स्त्रीत्वाची ही दोन चित्रे शेजारी शेजारी उभी असतात आणि त्यांच्यामध्ये जे अंतर आहे ते पार करायला मराठी रंगभूमीला शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत.

‘तमाशा बिघडला’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्याचा अर्थच नाहीसा झाला आहे. प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणीचा तमाशा शुद्ध आणि नंतरचा भ्रष्ट वाटत आला. या रडगाण्यात एक गोष्ट मात्र हमखास सुटते. बोर्डावरच्या स्त्रीला सुंदर ठरवण्याची कसोटी दर दोन पिढ्यांनी बदलत गेली आणि ती बदलताना तिच्या हातातले एकेक साधन काढून घेतले गेले. आवाज गेला, शब्द गेला, अभिनय गेला; राहिला तो देह. मग त्या उरलेल्या देहावरच सगळा भार पडला आणि तो देह कसा असावा याच्या अटी दिवसेंदिवस कडक होत गेल्या.

सुरुवात झाली ती पुरुषापासून. मराठी संगीत रंगभूमीवर १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीपात्राला गाता गळा दिला. त्यांच्यानंतर नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व आले. १९११ मध्ये त्यांची ‘मानापमाना’तील भामिनी, १९१६ मध्ये ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तील सिंधू महाराष्ट्राने पाहिली आणि घरंदाज मराठी स्त्री कशी दिसते, कशी चालते, रुसते आणि सोसते, याचा एक नमुनाच तयार झाला. त्यांच्या लुगडी नेसण्याची, केसांत फुले माळण्याची, पदर सावरण्याची ढब पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया उचलू लागल्या, हे त्या काळाच्या आठवणी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवले आहे. पुरुषाने कल्पिलेली स्त्री पाहून स्त्रियांनी स्वतःला घडवावे, यातील उपरोध तेव्हा फारसा कोणाला जाणवला नाही. इतर देशांतही निराळे काही घडत नव्हते. जपानच्या काबुकी रंगभूमीवरून १६२९ मध्ये स्त्रियांना हद्दपार केले गेले आणि पुढे स्त्रीपार्ट करणाऱ्या पुरुषांच्या पिढ्याच तिथे तयार झाल्या. बालगंधर्वांचे समकालीन मेई लानफांग यांनी चिनी संगीतिकेतील स्त्रीभूमिका १९३० मध्ये थेट अमेरिकेपर्यंत नेल्या.

तरीही बालगंधर्वांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. त्यांचा देह पुढे स्थूल झाला, वय वाढले, पन्नाशी उलटली. तरी ते शालू नेसून उभे राहत आणि गाऊ लागले की समोरच्या प्रेक्षकाला सिंधूच दिसे. म्हणजे रुक्मिणीचे लावण्य नटाच्या कमरेच्या मापावर अवलंबून नव्हते. ते स्वरात होते, वाक्य टाकण्याच्या रीतीत होते, पदराच्या हालचालीत होते. ते शिकून मिळवता येत होते आणि शिकलेले असल्यामुळे वयाबरोबर ओसरत नव्हते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ या भागांत बोहाड्याची सोंगे निघतात, त्यांतही देवीचा मुखवटा पुरुषच चढवतो; मुखवट्याखालचा चेहरा कसा आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. अर्थात, या सगळ्याला मोकळेपणा म्हणणे भाबडेपणाचे होईल. पुरुषाला स्त्री होण्याची मुभा होती, कारण स्त्रीला स्त्री म्हणून उभे राहण्याची मनाई होती.

ही मनाई मोडण्याचा एक प्रयत्न नाशिकातच झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांना १९१२-१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्रा’साठी तारामती हवी होती आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत शोध नेऊनही कोणी तयार होईना. शेवटी एका खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा तरुण त्यांनी उचलला आणि त्याला तारामती केले. त्याच्याबरोबरच्या इतर तरुणांना मिशा उतरवायच्या नव्हत्या. बाप गेल्याखेरीज मिशी उतरवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. फाळक्यांनी पात्रांसाठी जाहिरात दिली तेव्हा आलेले नमुने पाहून, कुरूपांनी अर्ज करू नयेत, असे जाहीर करण्याची वेळ त्यांच्यावर आली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. हिंदी चित्रपटसृष्टीतील रूपाची पहिली परीक्षा अशा रीतीने पुरुषांची झाली, हे आज कोणाला खरेही वाटणार नाही. त्याच वर्षी फाळके मुंबई सोडून नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. बंद दार उघडले असे वाटावे, तो १९१७ च्या ‘लंकादहना’त सीता पुन्हा साळुंकेच झाले, राम तेच आणि सीताही तेच. दोनच वर्षांनी ‘कालियामर्दना’त फाळक्यांनी आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण केले. बाप मुलीला बाळकृष्णाच्या रूपात लोकांसमोर आणत होता आणि त्याच लोकांच्या घरातली स्त्री पडद्यावर येणे मात्र पाप समजले जात होते.

तमाशात हा प्रश्न आधीच सुटला होता. पण तो ज्या रीतीने सुटला ती अभिमानाने सांगावी अशी नव्हे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई या फडात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पठ्ठे बापूरावांची कवने आणि पवळाबाईंची अदा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तमाशाला जे दिवस दाखवले, त्यांच्या कथा अजून सांगितल्या जातात. तोपर्यंत फडात ‘नाच्या’ होता. बाई आली आणि नाच्या मागे सरला. तो गौळणीतल्या मावशीपुरता उरला. पांढरपेशा समाजाच्या रंगभूमीला आपल्या जातीतली स्त्री आणायला १९३३ च्या ‘आंधळ्यांच्या शाळे’पर्यंत वाट पाहावी लागली. तिथे ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या तो सुधारणेचा विजय ठरला. पवळाबाई त्याआधी कितीतरी वर्षे उभ्या होत्या, त्यांच्या धाडसाला मात्र सुधारणा म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. महार, मांग, कोल्हाटी समाजांतील स्त्रीने बोर्डावर उभे राहणे हा रूढीचा भाग ठरवला गेला आणि ब्राह्मण स्त्रीने उभे राहणे हा रूढीचा भंग ठरला. कोल्हाटी मुलीच्या वाट्याला ही रूढी काय घेऊन येते, ते किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये लिहिले, तेव्हा लावणीवर लुब्ध असणाऱ्या कित्येकांना ते वाचवले नाही.

म्हणून फडातल्या जुन्या सौंदर्यकल्पनेचे गोडवे गाताना जपून बोलले पाहिजे. पण ती कल्पना रुंद होती, हे नाकारता येत नाही. नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. ही कथा नेहमी त्यांच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि तो आहेच. तिच्यात एक दाखला प्रेक्षकांचाही आहे. नऊ महिन्यांची गरोदर बाई समोर नाचत होती आणि तिकीट काढून आलेला शेतकरी, हमाल, मोटारवाला तिला त्या रात्रीची नायिका मानीत होता. कारण विठाबाई गात होत्या, वगात संवाद फेकत होत्या, ढोलकीवाल्याशी झुंजत होत्या, एखाद्या चावट प्रेक्षकाला जागच्या जागी गप्प करीत होत्या. कांताबाई सातारकरांनी तर बोर्डावर पुरुषभूमिकाही गाजवल्या. वाईच्या यमुनाबाईंनी बैठकीच्या लावणीत जागेवरून न उठता डोळे, भुवई आणि बोटे यांनी एकाच ओळीचे अनेक अर्थ दाखवले. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांची अदा पाहणाऱ्याला त्यांच्या सुरकुत्या आड येत नव्हत्या. बालगंधर्वांच्या पोटाचा घेर जसा आड येत नव्हता, तसेच हे होते.

मग ही रुंद नजर अरुंद कशी झाली? ‘प्रेक्षकांची अभिरुची घसरली’ हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते अपुरे आहे. अभिरुची आपोआप घसरत नाही; तिला कोणीतरी उतार करून देतो. तो उतार तयार झाला कामाच्या विभागणीतून. फडातली बाई एकटी जे करीत होती, ते चित्रपटाने चार जणांत वाटून टाकले. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने तमाशापटांची लाट आणली आणि १९७२ च्या ‘पिंजरा’ने ती रंगीत केली. पडद्यावर जयश्री गडकर किंवा संध्या नाचत होत्या, गळा पार्श्वगायिकेचा होता, शब्द गीतकाराचे होते आणि कोठे पाहायचे ते कॅमेरा ठरवीत होता. लावणीला आवाज देणाऱ्या सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत आणि गात. त्या पदराला महाराष्ट्राने मनापासून मान दिला. त्या मानात एक वाटणी मात्र दडलेली होती. आवाजाला प्रतिष्ठा मिळाली, देहाला गर्दी मिळाली आणि दोन्ही एकाच बाईत असू शकतात, हे हळूहळू विसरले गेले.

कॅमेऱ्याची नजर ही कनातीतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाची नजर नव्हे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला बाईचा रंग नीट दिसत नाही. त्याला तिची चाल दिसते, तिचा आवाज ऐकू येतो. कॅमेरा गालावरचा डागही टिपतो. तो बालगंधर्वांनाही मानवला नाही. १९३५ मध्ये शांतारामबापूंनी ‘धर्मात्मा’त त्यांना उभे केले ते संत एकनाथांच्या भूमिकेत, पुरुषवेषात, आणि ज्यांच्या शालूवर महाराष्ट्र भाळला होता ते त्या पांढऱ्या धोतरात हरवल्यासारखे झाले.

ही वाटणी पडद्यावरच राहिली असती तर फारसे बिघडले नसते. पण पडदा गावात आला. जत्रेतल्या तंबूतल्या चित्रपटाने, नंतर दूरदर्शनने, नंतर व्हिडिओच्या कॅसेटने देवळ्याच्या प्रेक्षकाला जवळून पाहण्याची सवय लावली. फडमालकांना ती सवय सांभाळावी लागली. गण आणि गौळण आवरते घ्यायचे, मग रंगबाजीत चित्रपटातल्या गाण्यांवर नाच, तेही ध्वनिमुद्रित. वगाला सुरुवात होईस्तोवर मध्यरात्र उलटलेली आणि निम्मी कनात रिकामी झालेली. ढोलकीवाला पगारावर असतो, पण त्याला काम थोडे. गाणारी बाई दुर्मीळ झाली, कारण गाण्याची गरज उरली नाही. नारायणगावला चैत्रापूर्वी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला जातात, तेव्हा ‘वग कोणता?’ या प्रश्नाआधी ‘पोरी किती आणि कशा?’ हा प्रश्न येतो. ज्या मुलीला उभे राहून दिसण्यापलीकडे काही करू दिले जात नाही, तिचे मोल रंग, वय आणि बांधा यांच्यापलीकडे जाणार तरी कसे?

रंगाचा प्रश्न तर मराठी समाजाला विशेष लाजिरवाणा आहे. ज्या समाजाचे लाडके दैवत सावळे आणि ज्याच्या कीर्तनकारांची द्रौपदी कृष्णवर्णाची, त्या समाजाच्या वधू-वर सूचीत ‘गोरी’ हा शब्द ‘सुशील’च्या आधी येतो. सप्तशृंगीची अठरा भुजांची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या शेंदराच्या जाड थराखाली होती. २०२२ मध्ये तो थर उतरवल्यावर मूळ रूप दिसले आणि भाविकांनी तेही हात जोडून स्वीकारले. देवीच्या बाबतीत दाखवलेले हे औदार्य घरातल्या मुलीपर्यंत पोहोचत नाही. ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे मलम १९७५ मध्ये बाजारात आले आणि पाहता पाहता आठवडे बाजारातल्या कटलरीच्या पथारीवर त्याच्या लहान पुड्या टिकलीच्या पाकिटांशेजारी जाऊन बसल्या. २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध ओरड झाली तेव्हा कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. मलम विकणे थांबले नाही. गंमत अशी, की ते मलम आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘जैत रे जैत’मध्ये स्मिता पाटील यांची सावळी चिंधी मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतली होती आणि २०१६ मध्ये ‘सैराट’च्या रिंकू राजगुरूने तेच पुन्हा घडवून दाखवले. एखादी सावळी नायिका जिंकते तेव्हा समाज टाळ्या वाजवतो आणि नियम तसाच ठेवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात लावणी बसवताना पहिल्या रांगेत कोणी उभे राहायचे, हे ठरवणाऱ्या बाईंच्या मनातही तो नियम असतो. मागच्या रांगेत गेलेली मुलगी कदाचित उत्तम नाचणारी असते. ती का मागे आहे हे तिला कोणी सांगत नाही. पण तिला ते कळते.

गावातल्या स्त्रियांच्या स्वतःच्या खेळात ही कसोटी नव्हती, ही गोष्ट इथे आठवते. खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या बागलाण-देवळा पट्ट्यात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, झिम्मा-फुगडी घालतात. त्या गाण्यांत माहेर, भाऊ, सासू आणि वाट यांचे बोल असतात. तिथे पाहणारा कोणी नसतो. ज्या नाचतात त्याच पाहतात. तमाशाच्या कनातीत गावातल्या स्त्रीला प्रवेश नव्हता आणि आखाजीच्या झोक्याशी पुरुषाला काम नव्हते. दोन्ही अंगणे वेगळी होती म्हणून एका अंगणातली कसोटी दुसऱ्यात शिरली नाही. दूरचित्रवाणीने आणि नंतर हातातल्या मोबाईलने ही कुंपणे मोडली. आता हळदीच्या रात्री नवरीच्या मैत्रिणी नाचतात तेव्हा कोणीतरी चित्रण करीत असते आणि झोक्यावरची मुलगीही कोणाच्या तरी नजरेसाठी बसलेली असते.

या बदललेल्या जगाचा सर्वांत बोलका वाद खानदेशातूनच उठला. धुळे जिल्ह्यातील शिंदखेड्याच्या गौतमी पाटील यांच्या नृत्याच्या कार्यक्रमांना २०२२ पासून महाराष्ट्रभर अफाट गर्दी होऊ लागली. त्यांच्या हावभावांवर लावणीच्या ज्येष्ठ कलावंतांनी आक्षेप घेतला, त्यांनी जाहीर माफी मागितली आणि गर्दी वाढतच राहिली. २०२३ मध्ये त्यांनी ‘पाटील’ हे आडनाव लावू नये, अशीही मागणी पुढे आली. यांतील पहिल्या आक्षेपात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे गुरूजवळ बसून अदा कमावली, त्यांना ध्वनिमुद्रित गाण्यावरच्या नाचाला लावणी म्हटलेले खटकणारच. आडनावाची मागणी मात्र निराळ्या जातीची होती. फडात नाचणारी स्त्री विशिष्ट जातींचीच असावी, हा जो अलिखित करार गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला, तो मोडल्याचा तो राग होता. आणि या साऱ्या गदारोळात, सुपारी कोणी दिली, मांडव कोणी घातला, त्या मांडवात शिट्ट्या कोणी मारल्या, याची चौकशी फारशी झाली नाही. गर्दीला चारित्र्य नसते. ते फक्त बोर्डावरच्या बाईला असावे लागते.

दुसरी बाजूही आहे आणि तिला तिचे माप दिले पाहिजे. आज एखादी मुलगी नाचून स्वतःच्या नावावर पैसे मिळवू शकते, हे पवळाबाईंच्या काळात अशक्य होते. अहिराणी गाण्यांची चित्रणे मोबाईलवर गावोगाव पाहिली जातात. त्यांतल्या मुली पुण्यामुंबईच्या कोणा निर्मात्याच्या दारात उभ्या न राहता लोकांपुढे येतात आणि आपल्या बोलीत बोलतात. शहरी नायिकेच्या शुद्ध उच्चारांपुढे जिची बोली गावंढळ ठरली असती, ती इथे नायिका आहे. हा लाभ लहान नव्हे. पण त्याच चित्रणात चेहरा उजळ करण्याची कळही असते आणि ती दाबली जाते. शिवाय तीस सेकंदांच्या तुकड्यात अदा दाखवायला वेळ कोठून आणायचा? बैठकीच्या लावणीत एका ओळीला जितका वेळ लागे, तितक्यात आता तीन नाच संपतात.

फडातल्या मुलीचे खरे दुखणे तर नाच संपल्यावर सुरू होते. गाणाऱ्या बाईचा गळा पन्नाशीतही राहतो, वगात काम करणारी बाई सासू होते, राजमाता होते. जिला केवळ दिसण्यासाठी ठेवले आहे तिचा हंगाम तिशीच्या आसपास उतरू लागतो. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ती मागच्या रांगेत नाचते. मग फडाच्या स्वयंपाकाला लागते किंवा गावी परतते. शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. २०२४ पासून तिची रक्कम दरमहा ५,००० रुपये झाली आहे. पण तिच्यासाठी वयाची पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तिशीपासून पन्नाशीपर्यंतची वीस वर्षे कोठे काढायची, याचे उत्तर कोणत्याही निर्णयात नाही. गौळणीतली मावशी करणारा पुरुष या काळात बोर्डावरच असतो. त्याच्या केसांना पांढरेपणा आला तर प्रेक्षक थोडे अधिकच हसतात.

आणि पन्नाशी गाठली तरी कागद लागतात. कीर्तनकाराकडे सप्ताहाच्या पत्रिका असतात, आकाशवाणीवर गाणाऱ्याकडे करारपत्रे असतात, भजनी मंडळाकडे सरपंचाचा दाखला असतो. फडात दहा वर्षे नाचलेल्या बाईला पंचायत समितीच्या टेबलासमोर आपण कलावंत होतो याचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा तिच्यापाशी दाखवण्यासारखे फार थोडे असते. सुपारीचा कागद झाला होता तो फडमालकाच्या नावाने आणि यात्रेच्या पत्रकावर जे नाव ठळक छापले होते, तेही फडाचेच.